तीनमध्ये चाळीस मिळवा

केबल माझ्या डाव्या कानाखाली बसली. पितळी टोकाकडून.

मीटरला जोडायची हातभर लांब केबल. दोन्ही टोकांना जड पितळी नट. साहेबांनी ती मधोमध धरून फिरवली. आधी आवाज ऐकला. मग मानेवरून काहीतरी गरम खाली उतरलं आणि ब्लाऊजच्या गळ्यात शिरलं.

"ए रजिस्टर! मला हिशोब शिकवतेस? तू? मला?"

दारात जनरेटरचा मिस्त्री आणि जीपचा ड्रायव्हर उभे होते. मिस्त्रीनं मान खाली घातली. ड्रायव्हर हसला. म्हणाला, "साहेब, बाईले इंजिनिअरची डिग्रीच देऊन टाका ना आता. तेवढंच राहिलं आहे तिचं."

माझं वय चव्वेचाळीस. साहेबांचं सत्तावीस. मी एवढंच म्हटलं होतं, "साहेब, मधे डबी आहे. तीनमध्ये चाळीस मिळवा."

मे महिना होता. सिहोऱ्याच्या पुढे उन्हाळी धानाच्या बांध्या आहेत, तिथे बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीला लागून आमचा टॉवर. टॉवरच्या पायाशी पत्र्याची खोली. खोलीत रेडिओ, म्हणजे फोनचा सिग्नल वर पाठवणारं यंत्र. यंत्रातून एक जाड काळी केबल निघते आणि टॉवरच्या टोकाला अँटेनापर्यंत जाते. दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी वेळ लिहून ठेवते. टॉवरच्या टोकाशी देवाजीभाऊ कमरेच्या पट्ट्यावर रेलून वाट पाहत होते. अँटेनाजवळच्या केबलचा जोड सडला होता. तो उघडून नवा लावायचा होता. केबलमध्ये ताकद चालू असताना जोड उघडायचा नसतो. ती बंद झाली असं खालून सांगेपर्यंत वरच्या माणसानं हात लावायचा नसतो. वरच्याला दुसरा काही इलाज नाही. ती ताकद दिसत नाही, तिला वास नाही, आवाज नाही. तो खालच्याच्या शब्दावर बोट ठेवतो.

खाली साहेब होते. आणि मी.

माझं काम लिहायचं. ठेकेदाराकडे लागले तेव्हा टॉवरभोवतीचं गवत कापायला लागले होते. मग खोल्या झाडायला. मग कोणीतरी पाहिलं की बाईचं अक्षर चांगलं आहे, तर मीटरचे आकडे लिहायला बसवलं. नऊ वर्षं झाली. मी सगळं लिहिते. कुलूप किती वाजता उघडलं. डिझेल किती बोटं होतं. मीटरचे सेल कधी बदलले. झालेल्या कामावर रेघ मारते. न झालेलं दुसऱ्या दिवशीच्या पानावर पुन्हा वर लिहिते. म्हणून मी रजिस्टर. साहेबांनी नाव ठेवलं. बाकीच्यांनी उचललं. माझं नाव ऑफिसात कोणाला आठवत असेल असं मला वाटत नाही.

मीटर ताकद वॅटमध्ये दाखवत नाही. डीबीएममध्ये दाखवतो. ही मोजणी वेगळी आहे. तीननं आकडा वाढला की ताकद दुप्पट होते. दहानं वाढला की दहापट. तीस म्हणजे एक वॅट. तेहतीस म्हणजे दोन. चाळीस म्हणजे दहा. त्रेचाळीस म्हणजे वीस. मला हे कोणी शिकवलं नाही. नऊ वर्षं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहीत गेले आणि एक दिवस दिसलं. वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता करून ठेवला. साहेबांच्या आधीच्या साहेबांनी तो पाहिला होता. म्हणाले होते, "बाई, हा बरोबर आहे." त्या दिवशी मी घरी चालत गेले ते मला आठवतं. ऑटोचे पैसे होते तरी चालत गेले.

आता डबी. वीस वॅट सरळ मीटरमध्ये सोडले तर मीटर जळतो. म्हणून केबलमध्ये एक पितळी डबी घालतात. ती दहा हजारांतला एक भाग मीटरकडे काढून देते. बाकी सगळं वर अँटेनाकडे जातं. दहा हजार पट म्हणजे दहानं चार वेळा, म्हणजे चाळीस. मीटरवर येईल त्यात चाळीस मिळवायचे, तेव्हा खरा आकडा कळतो. रोज मिळवावे लागत नाहीत. एकदा मीटरमध्ये चाळीस भरून ठेवले की तो स्वतःच मिळवून दाखवतो.

त्या दिवशी सकाळी मी मीटरचे सेल बदलले. आमचा मीटर जुना. सेल काढले की भरलेलं सगळं विसरतो. मी वहीत लिहिलं: सेल बदलले, ९.१०. चाळीस परत भरायचे, साहेबांना सांगायचं. दोन वेळा सांगितलं. साहेब फोनवर होते. हातानं 'जा, जा' केलं.

साइट पूर्ण बंद केली की वरच्या ऑफिसात लाल दिवा लागतो आणि किती मिनिटं बंद होती ते साहेबांच्या नावापुढे चढतं. त्यांना ते नको होतं. म्हणून त्यांनी मुख्य बटण पाडलं नाही. लॅपटॉपवरून फक्त त्या एका केबलची ताकद उतरवायचा हुकूम दिला. हुकूम यंत्रापर्यंत पोचलाच नाही. मीटर बघितला तर तीन.

"बघ," साहेब म्हणाले. "त्रेचाळीस होते. तीनवर आले. तीन म्हणजे दोन मिलिवॅट. मुंगीसुद्धा मरणार नाही."

मी म्हटलं, मधे डबी आहे. तीनमध्ये चाळीस मिळवा. ते त्रेचाळीसच आहेत. वीस वॅट.

आणि केबल बसली.

मग त्यांनी फोन उचलला. "देवाजी, खोल. सगळं बंद आहे."

मी दाराकडे धावले. "भाऊ, खोलू नका!" एवढं ओरडले असेन नसेन, साहेबांनी मागून माझा अंबाडा धरला. मुठीत धरला आणि मागे ओढला. माझं डोकं लोखंडी रॅकवर आपटलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. त्या पांढऱ्यातूनच मी देवाजीभाऊंचा आवाज ऐकला.

तो माणसाचा आवाज नव्हता. बैलाच्या नाकात पहिल्यांदा वेसण घालताना बैल ओरडतो, तसा.

बाहेर पाहिलं तर ते पट्ट्यावर उलटे लोंबत होते. हात झटकताना पाय सुटला होता. वाऱ्यानं नाही, त्यांच्याच झटक्यानं झुलत होते आणि प्रत्येक झोक्याला खांदा लोखंडाच्या कोनावर आदळत होता. ठक. ठक. वरून पाना पडला आणि पत्र्यावर आदळून बोडीत गेला.

साहेब म्हणाले, "साला नाटक करतो."

माझ्या केसांत अजून त्यांची मूठ होती. माझं तोंड दाबायला आलेल्या दुसऱ्या हाताच्या मनगटाला मी चावले. दात हाडाला लागेपर्यंत चावले. तोंडात खारट आलं. त्यांनी सोडलं तेव्हा मी टेबलावरचा बत्तीस नंबरचा पाना उचलला आणि दुसऱ्या हातानं मुख्य बटण खाली पाडलं. पंखे थांबले. यंत्रांचे दिवे गेले. नऊ वर्षांत ती खोली इतकी शांत मी ऐकली नव्हती.

साहेब बटणाकडे आले. मी मधे उभी राहिले.

"हात लावशील," मी म्हटलं, "तर मनगट फोडीन."

मी साहेबांना कधी 'अरे' म्हटलं नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या पोराला मी नऊ महिने 'तुम्ही' म्हणत होते. त्या क्षणी तो मला तेवढाच दिसला. सत्तावीस वर्षांचा, घामेजलेला, मनगटाला रक्त आलेला. त्यानं माझ्या हातातला पाना पाहिला आणि तो थांबला. मला हवं होतं की त्यानं एक पाऊल पुढे टाकावं. हे मी खोटं लिहिणार नाही. मला ते हवं होतं. पाना कुठे बसवायचा ते मी ठरवून ठेवलं होतं.

त्यानं टाकलं नाही.

मिस्त्री वर चढला आणि त्यानं दोरानं देवाजीभाऊंना उतरवलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाला पांढरे ठिपके होते. तांदळाएवढे. रक्त नाही. ड्रायव्हर म्हणाला, "एवढंसंच तर आहे." आता तो हसत नव्हता.

भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली, सुई टोचून पाहिली. देवाजीभाऊंना सुई कळली नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वरून छोटं दिसतंय. आतून शिजलंय हे."

देवाजीभाऊ सिहोऱ्याकडचेच. चार बांध्या धान घरचं. पंधरा वर्षांपासून टॉवर चढतात. माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, तरी मला 'बाई' म्हणतात, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. खाटेवर पडल्या पडल्या ते म्हणाले, "बाई, साहेब तर तीन म्हणले. तीन म्हणजे कमीच असते ना? का मीच काही चुकलो?"

मी म्हटलं, "तुमी नाई चुकले, भाऊ."

"मंग काहून झालं असं?"

मी पिशवीतून वही काढली. शेवटचं पान उघडलं. आणि हात तिथेच थांबला.

कारण मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी, कारध्याला आमच्या ऑफिसाच्या पायरीवर, चहा पिताना ह्याच माणसानं मला विचारलं होतं, "बाई, हे डीबी डीबी काय असते? तुमी रोज लिवून राहिल्या. आमाले बी सांगा ना."

मी काय म्हटलं होतं? मी म्हटलं होतं, "तुमच्या कामाचं नाही ते, भाऊ. तुमी नट कसा."

हसून म्हटलं होतं. तेही हसले होते. वही मी पिशवीत टाकली होती.

कानाखालची जखम ठणकत होती, त्याहून जास्त मला ते वाक्य ठणकलं. साहेबाकडे केबल होती. माझ्याकडे वही होती. मी ती नऊ वर्षं छातीशी धरून बसले. चढणाऱ्या एकाही माणसाला ते पान दाखवलं नाही. कारण ते पान होतं म्हणून मी गवत कापणारी नव्हते. देवाजीभाऊंना एवढं माहीत असतं की डबी असते, तर त्यांनी वरून विचारलं असतं. एक प्रश्न. बोटं वाचली असती.

मी तिथेच खाटेवर बसून त्यांना पान वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग डोळे मिटून म्हणाले, "एवढंच होय हे?"

"एवढंच."

"एवढंसं आमाले कायले नाई सांगितलं, बाई?"

मी ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

तिसऱ्या दिवशी कारध्याच्या ऑफिसात मॅनेजरनं बोलावलं. साहेब बाजूच्या खुर्चीत, मनगटाला पट्टी. मॅनेजरनं टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. त्यात होतं: कामगारानं खालून नीट सूचना मिळण्याआधी जोड उघडला. त्या वेळी मीटरवरचं रीडिंग तीन डीबीएम होतं. नोंद ठेवणाऱ्या महिला कर्मचारी साक्षीदार.

"बाई, सही करा. यात खोटं काय आहे?" मॅनेजर गोड बोलतात. "तीन होतं की नव्हतं?"

"तीन होतं."

"मग झालं तर."

मला बाबा दिसले.

आमचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. मोजणीला माणूस आला. फीत धरून अंगणात फिरला, आकडे वाचत गेला. मीटर, मीटर, चौरस मीटर. बाबांना हात कळायचा. फूट कळायचा. माणूस म्हणाला, "बरोबर आहे का?" बाबा म्हणाले, "बरोबर." अंगठा दिला. माणूस गेल्यावर आईनं विचारलं, "बैलाचा कोठा धरला का त्यात?" बाबा ओट्यावर बसले ते जेवायला उठले नाहीत. आकडे खोटे नव्हते. फीतही खोटी नव्हती. आकड्यात काय धरलं आणि काय नाही, ते विचारण्याची आमची छाती झाली नाही. तेव्हापासून मी आकडा सुटा लिहीत नाही. पुढे कशाचा, कुठून, किती वाजता, ते लिहिते.

साहेब कंटाळून म्हणाला, "सर, या बुडीत गावच्या लोकांना काय समजवता? यांचं घर पाण्यात गेलं, अक्कलही गेली. माझ्यावर हात उचललाय हिनं. केस टाका, आपोआप सही करेल."

मी पेन घेतलं. मॅनेजरच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. मी त्या कागदावर, टाइप केलेल्या ओळींच्या खाली, माझ्या अक्षरात लिहिलं:

मीटर आणि केबलच्या मध्ये चाळीसची डबी होती. सेल बदलल्यामुळे मीटरमध्ये चाळीस भरलेले नव्हते. हे मी साहेबांना सकाळी दोनदा आणि १२.२० ला एकदा सांगितलं. तीनमध्ये चाळीस मिळवा. त्रेचाळीस. म्हणजे वीस वॅट. वीस वॅट चालू असताना साहेबांनी 'खोल' म्हटलं. मी नको म्हणून ओरडले तेव्हा माझे केस धरून ओढले.

त्याखाली पूर्ण नाव लिहिलं. आईबापांनी ठेवलेलं. सही केली.

मॅनेजरनं कागद वाचला आणि फाडला. चार तुकडे. कचऱ्याच्या डब्यात.

"फाडा," मी म्हटलं. "हा पाचवा आहे."

एक पोलीस ठाण्यात सकाळीच दिला होता, पोच घेऊन. एक कामगार ऑफिसात. एक देवाजीभाऊंच्या बायकोच्या पेटीत, साडीच्या घडीत. एक माझ्या वहीत. प्रत्येकासोबत त्या दिवसाच्या पानाची झेरॉक्स, ९.१० ची ओळ लाल पेनानं खुणावलेली. आणि माझ्या कानाखालच्या चार टाक्यांचा दवाखान्याचा कागद.

साहेब उठला. खुर्ची मागे पडली. त्यानं हात उगारला. मी हललेसुद्धा नाही. म्हटलं, "मार. सहावा कागद लिवीन मी."

हात तसाच वर राहिला. मग त्यानं तो खिशात घातला.

मला त्याच दिवशी कामावरून काढलं. साहेबाची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथेही टॉवर आहेत. तिथेही कोणी वर असेल आणि हा खाली मीटर बघत असेल. केस चालू आहे. तारखेला मी जाते, तो येत नाही. देवाजीभाऊंचं पहिलं बोट एका पेरानं कापलं. अंगठा आहे, पण त्यात जीव नाही. या वर्षी त्यांनी परे उपटायला हात घातला तर रोपं बोटांतून सुटून गेली. ते बांधीत उभे राहून हाताकडे बघत होते. मी पाळीवर होते.

मी तुमसर, भंडारा, पवनी, साकोली, चारी दिशांचे टॉवर चढणारे शोधले. नावांची यादी केली. एकेकाच्या घरी गेले. काहींच्या बायका म्हणाल्या, आमच्या माणसाले कामावरून काढतील, तुमी जा. गेले. पुन्हा गेले. प्रत्येकाच्या हेल्मेटच्या आतल्या बाजूला काळ्या पेनानं तक्ता लिहिला. तीस, एक. तेहतीस, दोन. चाळीस, दहा. त्रेचाळीस, वीस. खाली एक ओळ: डबी कितीची? कपाळाला टेकतं तिथे. घामानं पुसलं तर पुन्हा लिहून देते.

आता मी दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे. पगार कमी. माझ्याकडे पितळेचं एक कुलूप आहे. माणूस वर चढायच्या आधी मी मुख्य बटण पाडते, त्याला कुलूप घालते, चावी चढणाऱ्याच्या खिशात देते. तो उतरून ती मला परत देईपर्यंत कोणी ते बटण उचलू शकत नाही. ठेकेदारही नाही.

परवा कारध्याच्या साइटवर नवीन इंजिनिअर आला. चांगल्या घरचा, चांगलं बोलणारा. म्हणाला, "अहो मॅडम, बटण कशाला पाडता? मीटर बघा. दोन दाखवतोय. कमी केलीय मी."

मी तोंड उघडायच्या आत चढणारा पुढे आला. हेल्मेट हातात, पट्टा कमरेला. म्हणाला, "साहेब, डबी कितीची?"

इंजिनिअर म्हणाला, "कुठली डबी?"

चढणाऱ्यानं पट्टा सोडला. कमरेवरून काढला आणि जमिनीवर टाकला. मग माझ्याकडे हात पसरला, चावीसाठी.

मी बटण पाडलं. कुलूप घातलं. चावी दिली.

इंजिनिअर ओरडला, वर फोन लावला, माझं नाव विचारलं. मी सांगितलं, पूर्ण. लिहून घ्या म्हटलं. अंबाडा बांधणं मी त्या मे महिन्यापासून सोडलं आहे. केस कापले आहेत, मानेपर्यंत. आता मागून धरायला कोणाच्या मुठीत काही येणार नाही. समोरून यावं लागेल. आणि समोर पाना आहे.

वहीत पहिल्या पानावर त्या साहेबाचं नाव आहे. रोज सकाळी मी ते नवीन पानावर वर उतरवते. काम झालं नाही म्हणून. झालं की रेघ मारीन.